लेन्स गेलेला पीएस२ आणि लॅपटॉपवर इम्युलेटर, हे कायद्यात बसतं का?

डिचोलीचो_दिनू:

नमस्कार मंडळी, प्रश्न लांबलचक आहे, सांभाळून घ्या. आमचा दादा बोटीवर होता, २००७ साली सुट्टीवर येताना दुबईहून पीएस२, म्हणजे सोनीचा प्लेस्टेशन २ कन्सोल, घेऊन आला, काळा, स्लिमवाला. त्या वर्षीच्या चवथीत गणपतीपुढे जेवढी माणसं नव्हती तेवढी आमच्या टीव्हीपुढे होती, आरती झाली रे झाली की वाड्यावरची सगळी पोरं परत हजर. मग दादा परत बोटीवर, मी कॉलेजात, आणि डबा कपाटावर. यंदा पावसात नेमकं तिथेच गळायला लागलं म्हणून सगळं खाली काढलं त्यात हा सापडला. लावून बघितला तर चालू होतो, लाल लाईट हिरवी होते, टीव्हीवर ते खांब खांब पण दिसतात, पण डिस्क टाकली की आतून टिक टिक टिक आणि मग लाल स्क्रीन. म्हापशाला एका रिपेअरवाल्याकडे नेला, तो म्हणाला लेन्स गेली, चांगली लेन्स आता मिळत नाही, मिळते ती चार महिने टिकत नाही, त्यापेक्षा लॅपटॉप आणून दे, इम्युलेटर, म्हणजे पीएस२ चे गेम लॅपटॉपवर चालवणारं सॉफ्टवेअर, टाकून देतो, बायोस आणि दोनशे गेम सगळं धरून ५०० रुपये.

मी हो म्हणणारच होतो पण मध्ये कुठेतरी वाचलेलं की एका इम्युलेटरवाल्यांवर निन्टेन्डोने केस घातली आणि त्यांना कोटींनी पैसे भरावे लागले, ते आठवलं आणि डोक्यात किडा शिरला. तर इम्युलेटर वापरणं हाच गुन्हा आहे का? माझ्याकडे कन्सोल आहे, वीसेक डिस्का आहेत, मग तोच गेम नेटवरून उतरवला तर काय बिघडलं, पैसे एकदा दिलेत ना? आणि ते बायोस म्हणजे नेमकं काय प्रकरण आहे?

दुसरं म्हणजे माझा मावसभाऊ मांद्र्याला होमस्टे चालवतो. त्याने ऑनलाइन ती टीव्हीला लावायची स्टिक बघितलीय, दोन वायरलेस रिमोट आणि आत दहा हजार गेम. पावसाळ्यात टुरिस्ट घरात बसून कंटाळतात, कॉमन रूममध्ये लावतो आणि अर्ध्या तासाला ५० रुपये घेतो म्हणतोय. मी त्याला म्हटलं जरा थांब, आधी चार जणांना विचारतो.

उंडो_पाव:

अरे घाल रे बिनधास्त, कोण बघायला येतंय डिचोलीत. मी कॉलेजपासून खेळतोय, आजवर एक नोटीस नाही की फोन नाही. आणि तुझ्याकडे ओरिजिनल डिस्क आहे म्हणजे तुला हक्कच आहे. नसली तरी रॉम, म्हणजे गेमची फाइल, उतरवून २४ तासांत डिलीट केला तर चालतो, साइटवर लिहिलेलंच असतं तसं. ५०० रुपये मात्र देऊ नकोस, मी फुकट टाकून देतो, येताना दोन प्लेट रस ऑम्लेट घेऊन ये.

जुनी_कॅसेट:

उंडोबाब, ते २४ तासांचं कुठल्याच देशाच्या कायद्यात नाही. जुन्या रॉम साइटवाल्यांनी स्वतःची मान सोडवायला पानाच्या तळाशी लिहिलेली ओळ आहे ती, लोकांनी एकमेकांना सांगून सांगून कायदा करून टाकली. २३ तास ठेवलेली चोरीची सायकल चोरीचीच असते.

दिनू, तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे, इम्युलेटर हा स्वतः गुन्हा नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर इम्युलेटर म्हणजे रंगमंच आणि गेम म्हणजे नाटकाची संहिता. गावच्या जत्रेला देवळापुढे मंच कोणीही उभारावा, त्याला नाटककाराला विचारावं लागत नाही. पण संहितेच्या झेरॉक्स काढून वाटायच्या, नाहीतर तिकीट लावून प्रयोग करायचा तर लेखकाची परवानगी आणि मानधन आलं. तू म्हणतोस ती सगळी भांडणं संहितेची आहेत, मंचाची नाहीत.

हे मी मनाचं सांगत नाहीये. १९९९ मध्ये कनेक्टिक्स नावाच्या अमेरिकन कंपनीने मॅकवर पहिल्या प्लेस्टेशनचे गेम चालवणारं व्हर्च्युअल गेम स्टेशन बाजारात आणलं, चक्क विकायला. सोनीने केस घातली. ते बनवताना त्यांनी सोनीचं बायोस चिपमधून काढून, उलटंपालटं करून अभ्यासलं होतं आणि सोनीचा मुद्दा तोच होता की आमच्या प्रोग्रामची कॉपी काढलीत. २००० मध्ये तिथल्या वरच्या कोर्टाने, नाइन्थ सर्किटने, सांगितलं की आत काय चालतं ते समजून घ्यायला काढलेली मधली कॉपी चालते, कारण शेवटी जे विकलं त्यात सोनीचं काहीच नव्हतं, सगळं कनेक्टिक्सने स्वतः लिहिलेलं. त्याच्याही आधी १९९२ मध्ये सेगा विरुद्ध अकोलेडमध्ये जवळपास हेच ठरलं होतं. ब्लीम नावाचं दुसरं इम्युलेटर होतं, त्यांनी जाहिरातीत प्लेस्टेशनच्या गेमचे स्क्रीनशॉट वापरले म्हणून सोनी कोर्टात गेली, तिथेही ब्लीमच्या बाजूने लागलं. गंमत म्हणजे दोन्ही जिंकले आणि दोन्ही संपले. ब्लीम वकिलांची बिलं भरता भरता २००१ मध्ये बंद पडलं, आणि कनेक्टिक्सचं सॉफ्टवेअर सोनीने त्याच वर्षी विकत घेऊन बंद करून टाकलं. कोर्टात जिंकणं आणि धंद्यात टिकणं ह्या वेगळ्या गोष्टी आहेत, आपल्याकडच्या जमिनीच्या केसी बघितलेल्याला हे वेगळं सांगायला नको.

आणि इम्युलेटर कंपन्यांना एवढे वाईट वाटले असते तर २०१८ च्या त्या छोट्या प्लेस्टेशन क्लासिकमध्ये सोनीने स्वतःच पीसीएसएक्स रिआर्म्ड घातलं नसतं. फुकटचं, ओपन सोर्स, बाहेरच्या लोकांनी लिहिलेलं इम्युलेटर आहे ते.

तू वाचलंस ती केस युझूची, निन्टेन्डोच्या स्विच कन्सोलच्या इम्युलेटरची. २६ फेब्रुवारी २०२४ ला निन्टेन्डोने दावा टाकला आणि आठवड्याभरात, ४ मार्चला, तडजोड झाली, २४ लाख डॉलर आणि काम बंद. निन्टेन्डोच्याच थ्रीडीएसचं इम्युलेटर सिट्रा पण त्याच टीमचं, तेही गेलं. तिथला मुद्दा वेगळा होता. स्विचचे गेम कुलूपबंद असतात, ते उघडायला कन्सोलमधल्या चाव्या लागतात, आणि अमेरिकेचा डीएमसीए हा १९९८ चा कायदा म्हणतो की कुलूप तोडणं हीच चूक. त्यात नवा झेल्डा १२ मे २०२३ ला दुकानात यायच्या आधीच फुटला, निन्टेन्डोच्या म्हणण्याप्रमाणे १० लाखांवर डाउनलोड झाले, आणि युझूवाले पेट्रिऑन ह्या साइटवर चाहत्यांकडून पैसे घेत होते. म्हणजे चालू कन्सोल, ताजा गेम आणि वर कमाई. सापडायला अजून काय पाहिजे. पण लक्षात घे, केस निकालापर्यंत गेलीच नाही. इम्युलेटर मुळातच बेकायदा आहे असं तिथेही कुठल्या न्यायाधीशाने खटला ऐकून ठरवलेलं नाही.

बायोस म्हणजे पीएस२ च्या आत चिपवर बसलेला छोटासा प्रोग्राम, ४ एमबीचा. तू ते खांब बघितलेस ना, ते तोच दाखवतो. तो सोनीने लिहिलाय, त्यामुळे त्याचा कॉपीराइट सोनीचा, म्हणून पीसीएसएक्स२ हे पीएस२ चं इम्युलेटर बनवणारे तो सोबत देत नाहीत. सोनीच्याच हातात धरायच्या पीएसपीचं इम्युलेटर पीपीएसएसपीपी घेतलंस तर त्याला बायोस लागतच नाही, ते काम त्यांनी स्वतःच्या कोडने केलंय. म्हणून तुझ्या म्हापशेकराच्या ५०० रुपयांतलं इम्युलेटर फुकट आणि कायदेशीर आहे, तो पैसे घेतोय ते बायोस आणि दोनशे गेमचे, आणि तेच त्याचे नाहीत.

काळो_कोट:

मी म्हापसा कोर्टात प्रॅक्टिस करतो. हा सल्ला समजू नका, चहाच्या टेबलावरची गप्पा समजा. वरची माहिती बरोबर आहे पण सगळी अमेरिकेची आहे आणि दिनू राहतो डिचोलीत. इथे १९५७ चा कॉपीराइट कायदा लागतो, आणि गंमत म्हणजे घरी खेळणाऱ्याला तो अमेरिकेपेक्षा जरा मऊ आहे.

पहिलं, ‘फेअर यूज’ म्हणजे अमेरिकेतली ‘वापर रास्त असेल तर चालतो’ ही मोघम सूट, तो शब्द विसरा. आपल्याकडे कलम ५२ मध्ये अपवादांची यादी आहे, आणि त्यात खाजगी वापराची जी सर्वसाधारण सूट आहे तिच्यात स्पष्ट लिहिलंय की ती कॉम्प्युटर प्रोग्रामला लागू नाही. लोक तिथेच वाचन थांबवतात. पुढे प्रोग्रामसाठी वेगळी पोटकलमं आहेत. (एए) म्हणतं की ज्याच्याकडे प्रोग्रामची प्रत कायदेशीरपणे आहे तो त्या प्रतीतून बॅकअप काढू शकतो, हरवू नये, मोडू नये, खराब होऊ नये म्हणून. (एबी) आणि (एसी) मध्ये दुसऱ्या प्रोग्रामशी जुळवून घ्यायला माहिती काढणं आणि प्रोग्राम कसा चालतो ते बघून अभ्यासणं येतं, म्हणजे इम्युलेटर लिहिणाऱ्यांची सोय. आणि (एडी) मध्ये स्वतः कायदेशीर मार्गाने मिळवलेल्या प्रतीवरून, पैसे कमवायला नाही तर स्वतःच्या वापरासाठी कॉपी किंवा रूपांतर करायला मुभा आहे.

आता ह्यात ‘त्या प्रतीतून’ हे शब्द बोट ठेवून वाच. तुझ्याकडे डिस्क आहे, तिच्यातून तू आयएसओ, म्हणजे पूर्ण डिस्कची एक फाइल, काढलीस, ती तुझी बॅकअप. पण तोच गेम नेटवर कोणीतरी दुसऱ्याने दुसऱ्याच डिस्कमधून काढून टाकलाय, तो तू उतरवलास, तर ती त्या प्रतीतून काढलेली कॉपी नव्हे. बाइट न् बाइट सारखी असली तरी नव्हे. तुला वाटेल हा निव्वळ केस चिरण्याचा प्रकार आहे, पण कायदा असाच लिहिलेला असतो. एकदा पैसे दिले हा मुद्दा मनाला पटतो, कलमात बसत नाही.

कुलपाचं म्हणशील तर २०१२ च्या दुरुस्तीत कलम ६५ए आलं, दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. पण त्यात ‘हक्कभंग करण्याच्या इराद्याने’ असे शब्द आहेत, अमेरिकेत तसं नाही. स्वतःच्या कन्सोलमधून स्वतःसाठी बायोस काढणाऱ्याचा इरादा हक्कभंगाचा नाही असं मी कोर्टात मांडेन आणि मला वाटतं ते टिकेल. त्याच कलमात एक मजेशीर अट आहे, दुसऱ्याला कुलूप उघडून देणाऱ्याने त्या माणसाचं नाव, पत्ता, सगळा तपशील आणि कशासाठी उघडून दिलं त्याची पूर्ण नोंद ठेवायची. तुझा रिपेअरवाला वही ठेवतो का विचार त्याला एकदा.

उंडोबाबसाठी, कलम ६३बी. बेकायदा प्रत आहे हे माहीत असून ती कॉम्प्युटरवर वापरली तर ७ दिवस ते ३ वर्षं आणि दंड ५० हजार ते २ लाख. धंद्यासाठी वापरली नसेल तर कोर्ट कैद माफ करून ५० हजारांपर्यंतच्या दंडावर सोडू शकतं, पण ते कोर्टाच्या मर्जीवर. कोणी बघत नाही हे खरं असेल, पण विचारलेला प्रश्न कोण बघतं हा नव्हता.

एक शंका मीच काढून ठेवतो. गेममध्ये नुसता प्रोग्राम नसतो, संगीत, चित्रं, व्हिडिओ असतो, आणि (एडी) बोलतं फक्त कॉम्प्युटर प्रोग्रामबद्दल. समोरचा वकील हुशार असला तर इथेच पकडेल. माझं मत, गेम चालवायला हे सगळं एकत्रच लागतं, तोडता येत नाही. पण मत ते मत.

डिचोलीचो_दिनू:

बापरे, एवढं सगळं, देव बरें करूं तुमचं. म्हंजे डिस्कमधून स्वतः काढायचं. पण कन्सोल तर डिस्क वाचतच नाही, मग काढू कसं? आणि बायोस पण त्याच्यातच अडकलंय ना.

जुनी_कॅसेट:

लेन्स गेली म्हणजे बायोस गेलं नाही रे. बायोस मदरबोर्डवरच्या चिपमध्ये आहे, आणि खांब दिसतायत म्हणजे ती जिवंत आहे. आणि डिस्क वाचायला कन्सोल लागतच नाही. पीएस२ ची डीव्हीडी लॅपटॉपच्या साध्या डीव्हीडी ड्राइव्हमध्ये वाचली जाते, आताच्या लॅपटॉपला ड्राइव्ह नसतो तर यूएसबीवाला बाहेरून लाव, कोणाकडेतरी धूळ खात पडलेला असेलच. डिस्क इमेज काढणाऱ्या कुठल्याही सॉफ्टवेअरने आयएसओ कर, झालं. निन्टेन्डोचा गेमक्यूब किंवा वी असता तर हे जमलं नसतं, त्या डिस्का साधा ड्राइव्ह वाचत नाही.

बायोससाठी फ्री एमसीबूट नावाचा प्रोग्राम टाकलेलं मेमरी कार्ड लागेल, ८ एमबीचं साधं कार्ड, त्यावरून कन्सोल सुरू होतो, डिस्क लागत नाही. मग बायोस डंप करणारा छोटा प्रोग्राम चालवायचा, पेनड्राइव्ह पुढे लावायचा, फॅट३२ फॉरमॅटमधला, आणि फाइल त्यावर उतरते. दोन-चार मिनिटांचं काम. फक्त खाली चिकटवलेलं मॉडेल नंबरचं स्टिकर बघ, अगदी शेवटी शेवटी निघालेल्या ९०००० च्या काही स्लिमवर हे कार्ड चालत नाही. तुझा २००७ चा आहे म्हणजे अडचण नसावी.

पण त्याआधी एक काम कर. सगळ्या डिस्का उलट्या करून उजेडात धर.

डिचोलीचो_दिनू:

केलं. आता सांगतो, हसू नका. एकूण २३ डिस्का. त्यातल्या ९ खालून चांदीसारख्या आहेत, वर छापलेलं चित्र, बॉक्स आणि पुस्तिकेसकट. दोन खालून निळ्या आहेत पण त्यांनाही बॉक्स आहे. उरलेल्या १२ खालून जांभळट, आणि वर दादाच्या अक्षरात मार्करने ‘क्रिकेट’, ‘कुस्ती’, ‘गाडी २’. एकीवर नुसतं ‘बरो’ लिहिलंय.

काळो_कोट:

😄 ‘बरो’ वर माझा वादच नाही. पण ह्या बारांचा विचार सोड. चांदीच्या ९ आणि निळ्या २ ओरिजिनल आहेत, निळ्या म्हणजे सीडीवर निघालेले छोटे गेम. जांभळ्या सगळ्या घरी किंवा दुकानात बर्न केलेल्या, त्यांच्या बाबतीत तू कायदेशीर धारक नाहीस, म्हणून त्यांच्यातून काढलेला बॅकअपही चोरीच्या मालाची झेरॉक्स. आणि चांदीवाली एखादी डिस्क पुढे कोणाला विकलीस किंवा दिलीस तर तिची आयएसओ पण पुसायची. डिस्क एकाकडे, बॅकअप दुसऱ्याकडे असं नाही चालत.

उंडो_पाव:

म्हंजे कंपन्या ज्यांचे गेम आज विकतच नाहीत त्यांचे पण नाही खेळायचे? कोणाला पैसे द्यायचे मग, दुकानच बंद आहे. अमेरिकेत व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशनने २०२३ मध्ये मोजलं होतं, २०१० च्या आधी तिथे निघालेल्या जुन्या गेमपैकी ८७ टक्के आज दुकानात मिळतच नाहीत. हा वारसा म्हणून जपायचा कोणी? संशोधकांना जुने गेम घरून अभ्यासू द्या म्हणून लायब्रऱ्यांनी मागणी केली ती पण २०२४ मध्ये तिथल्या कॉपीराइट ऑफिसने फेटाळली. मी चोर ठरतोय आणि ज्याने गेम कुजत ठेवला तो साव.

जुनी_कॅसेट:

ह्या मुद्द्यावर मी तुझ्या बाजूने आहे, खरंच. लोक ज्याला ‘अबँडनवेअर’ म्हणतात तसा काही वर्ग कायद्यात नाही, मालकाने विकणं थांबवलं म्हणून मालकी सुटत नाही, आणि १९८५ चा मारियो सार्वजनिक व्हायला आपली नातवंडं म्हातारी होतील. पण वारसा जपणं आणि तू परवा चालू कन्सोलचा दोन महिन्यांपूर्वी आलेला गेम उतरवलास ते एका टोपलीत घालू नकोस. मला सांगितलंस ते विसरलो नाहीये मी.

आणि ८७ टक्के नाही तरी थोडे तरी रीतसर मिळतात. सोनीने २०१५ पासून काही पीएस२ चे गेम पीएस४ वर विकले, तेही आतून इम्युलेशनच. गॉग ह्या ऑनलाइन दुकानात जुने डॉसचे गेम डॉसबॉक्स हे इम्युलेटर बांधून मिळतात. आयफोनवाल्यांना तर एप्रिल २०२४ पासून ॲप स्टोअरवरच रेट्रो इम्युलेटर मिळायला लागले, त्याआधी ॲपल ते येऊच देत नव्हतं.

पार्लरवालो_काका:

मी ह्या साइटवर फारसा लिहीत नाही, पण मांद्र्याच्या होमस्टेचं वाचलं आणि राहवलं नाही. २००३ ते २००८ मडगावात माझं गेम पार्लर होतं. चार टीव्ही, चार कन्सोल, तासाला २० रुपये, शाळा सुटल्यावर बाहेर चपलांचा ढीग. कन्सोल सगळे कॉपी डिस्का चालाव्यात म्हणून चिप मारलेले, डिस्का सगळ्या जांभळ्या, मी खोटं कशाला बोलू. तेव्हा सगळेच तसे होते, ओरिजिनल एक डिस्क घ्यायची तर माझी चार दिवसांची कमाई जायची.

एके दिवशी बाजूच्या दुकानात सिनेमाच्या पायरेटेड सीडींसाठी पोलिस आले. माझ्याशी काही संबंध नाही, मी दारात उभा राहून मजा बघत होतो. पंचनामा करता करता त्यातल्या एकाने मान वळवून माझ्या काउंटरवरच्या चळतीकडे बघितलं आणि विचारलं, ‘हेंय सीडीच मरे?’ संपलं. डिस्का गेल्या, कन्सोल चारही गेले, टीव्ही तेवढे हातापाया पडून वाचवले. कन्सोल परत मिळायला इतके दिवस गेले की तोवर पोरं दुसऱ्या पार्लरला लागली होती, आणि मिळाले तेव्हा दोन आतून गंजलेले. त्यानंतर मी झेरॉक्स मशीन टाकलं. (हो, झेरॉक्स, आता तुम्ही हसा.)

तर दिनूच्या भावाला सांगा, घरात खेळणं आणि गल्ल्यावर पैसे घेणं ह्यात फार मोठं अंतर आहे. घरी कोणी येत नाही. धंदा मांडला की शेजारचा हॉटेलवाला पण येतो, पंचायत पण येते, आणि ज्याचं तुमच्याशी वाकडं आहे तो आधी येतो. त्यात आपलं गोवा, ‘पैसे टाकून इलेक्ट्रॉनिक गेम’ म्हटलं की माणसाच्या डोळ्यांपुढे कसिनोतलं स्लॉट मशीनच येतं. मारियो आहे हो, जुगार नाही, हे पटवण्यात अर्धा दिवस जाईल.

काळो_कोट:

काकांनी जे सोसलं त्याला कायद्यात कलम ६४ म्हणतात, सब-इन्स्पेक्टर किंवा त्यावरचा अधिकारी वॉरंटशिवाय प्रती आणि त्या बनवायची साधनं जप्त करू शकतो. आणि २०२२ च्या मे महिन्यात सुप्रीम कोर्टाने निट प्रो केसमध्ये स्पष्ट केलं की कलम ६३ चा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, म्हणजे हे प्रकरण ‘नोटीस आली तर बघू’ इतकं हलकं राहिलेलं नाही.

मावसभावाच्या बाबतीत वर सांगितलेली एकही सूट लागत नाही. (एडी) मध्ये ‘स्वतःचा’ आणि ‘बिनव्यापारी’ हे दोन्ही शब्द आहेत, तो दोन्हीत नापास. ती स्टिक त्याने पैसे देऊन घेतली म्हणून काही बदलत नाही, दहा हजार गेमचे हक्क अडीच हजार रुपयांत कोणी देत नसतं, कागदाच्या पिशवीचाही खर्च त्यात निघणार नाही. एवढंच नाही, ओरिजिनल डिस्का लावून पैसे घेतले तरी प्रश्न आहे, कारण प्रोग्रामची प्रत भाड्याने देणं हा कलम १४ प्रमाणे मालकाचा हक्क आहे. पार्लर चालवण्यात ‘प्रत भाड्याने दिली’ असं होतं की नाही ह्यावर वाद घालता येईल, पण तो वाद मांद्र्याच्या होमस्टेवाल्याने स्वतःच्या खर्चाने घालावा असं मला वाटत नाही. पैसे न घेता पाहुण्यांसाठी नुसता लावून ठेवला तरी तो धंद्याचाच भाग, खोलीच्या भाड्यातच आलं ते.

पेडण्याची_वैनी:

आमचाही होमस्टे आहे, मांद्र्यापासून लांब नाही. खरं सांगू का, टुरिस्ट ते दहा हजार गेम दहा मिनिटं बघतो आणि परत मोबाइल काढतो. आमच्याकडे कॅरम ठेवलाय, ओल्या हवेत सोंगट्या सरकत नाहीत म्हणून बोरिक पावडर लागते, महिन्याला एक डबा, बस्स तेवढाच खर्च. गेमच ठेवायचा असेल तर आजही काही लोक जुन्या कन्सोलसाठी नवे गेम लिहितात, मायक्रो मेजेस आमच्या मुलाने घेतलेला, २०१९ चा आहे, चाळीस वर्षांपूर्वीच्या मशीनवर चालेल असा लिहिलाय आणि रॉम फाइल रीतसर विकत मिळते. होमस्टेत लावायचा तर मात्र लिहिणाऱ्यांना मेल करून विचारायला हवं, छोटी टीम असली की निदान विचारायची सोय तरी असते.

डिचोलीचो_दिनू:

अपडेट देतो. मावसभावाने स्टिक घेतली नाही. आधी रुसला, मग काकांची गोष्ट वाचून दाखवली तर म्हणाला कॅरम किती रुपयांना मिळतो विचार वैनींना.

आणि माझं काम झालं!! मेमरी कार्ड मित्राकडून आणलं, पहिल्यांदा पेनड्राइव्ह दिसेचना, मग कळलं ६४ जीबीचा दुसऱ्याच फॉरमॅटमधला होता, जुना ४ जीबीचा शोधून लावला तर बायोस पाच मिनिटांत बाहेर. डीव्हीडी ड्राइव्ह शाळेत शिकवणाऱ्या आत्येकडून, त्यातून ११ पैकी ८ डिस्कांच्या आयएसओ निघाल्या. दादाला व्हिडिओ कॉलवर दाखवलं, तो सध्या सिंगापूरजवळ आहे, पहिला प्रश्न काय तर ‘बरो’ चालतो का. त्याला कायदा समजावता समजावता नेटवर्क गेलं.

अडलंय ते तीन डिस्कांवर. गॉड ऑफ वॉरच्या डिस्कवर कडेपासून आत जाळ्यासारखी पांढरी बुरशी आलीय, ड्राइव्ह ९२ टक्क्यांवर जाऊन घरघर करतो आणि एरर. कशाने पुसू? आई म्हणते खोबरेल लाव.

पार्लरवालो_काका:

खोबरेल नको!!! आईला सांगा ते केसांना बरं. भांड्यांच्या लिक्विडचा एक थेंब कोमट पाण्यात, चष्म्याचं मऊ फडकं, आणि मधल्या भोकाकडून बाहेर सरळ रेषेत पुसायचं, गोल गोल अजिबात नाही, कारण गोल ओरखडा पडला तर तो डेटाच्या रांगेतूनच जातो. मग साध्या पाण्याने धुवून पंख्याखाली उभी ठेवा, उन्हात नको. बुरशी वरवरची असेल तर निघेल. धरून उजेडात बघा, छापील बाजूने टाचणीएवढं आरपार दिसत असेल तर मात्र आतला चंदेरी थर खाल्ला गेलाय, ती डिस्क गेली. आणि बाकीच्या आठ आत्ताच सिलिका जेलची पुडी टाकून हवाबंद डब्यात भरा, अजून अर्धा पावसाळा बाकी आहे.

डिचोलीचो_दिनू:

दोन निघाल्या. गॉड ऑफ वॉरमधून ट्यूबलाइट दिसतेय.